तापात मुलगा बोलायला लागतो... स्वमग्नता आणि प्रतिकारशक्तीचा खरंच काही संबंध आहे का?

मीनल_ना

नमस्कार. दोन-तीन वर्षं इथे नुसती वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ. सांभाळून घ्या.

माझा मुलगा सहा वर्षांचा. तिसऱ्या वर्षी ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान झालं. दहा-बारा शब्द येतात, पण ते आपल्याशी नसतात, आपले आपले असतात. तहान लागली की माझं मनगट धरतो आणि माठापर्यंत ओढत नेतो. माझ्या तोंडाकडे बघत नाही.

मागच्या महिन्यात त्याला ताप आला, १०२. भर दुपार, कूलर सुरू, मी पट्ट्या ठेवत होते. त्याने माझा हात धरून स्वतःच्या कपाळावर नीट दाबून ठेवला, सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाला, "आई, पाणी." सहा वर्षांत पहिल्यांदा मला हाक मारून काही मागितलं. मी पेला आणायला उठले तेव्हा पाय कापत होते. संध्याकाळी बाबाला केस विंचरू दिले. एरवी कंगवा दिसला तरी किंचाळतो. दोन दिवस असं चाललं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि स्वारी परत पंख्याच्या बटणापाशी.

खरं सांगते, त्या रात्री मनात आलं की ताप परत यावा. आणि असं मनात आलं म्हणून मग ओट्याला टेकून रडले.

हे कोणाच्या मुलाच्या बाबतीत झालंय का? ताप म्हणजे प्रतिकारशक्तीचं काम ना? मग स्वमग्नतेचा तिच्याशी संबंध आहे का? विचारायचं आणखी एक कारण म्हणजे एका दवाखान्यात आम्हाला सांगितलं की "मुलाची इम्युनिटी मेंदूवर हल्ला करतेय" आणि स्टेम सेलचं (मूळ पेशी टोचायचं) पॅकेज सुचवलं. आकडा काही लाखांत आहे. नवऱ्याने एफडी मोडायची तयारी केली आहे. आणि सासूबाईंना आठवलंय की पाचव्या महिन्यात मला ताप आला होता.

---

तर्री_पोहे

ताई, माह्या पोरीचं सेम टू सेम. मले वाटे मी एकटाच असा बाप आहो ज्याले असं दिसते. बायकोले सांगतलं तर म्हणे तुमच्या मनाचे खेळ आहेत. व्हायरलमध्ये चार दिवस पोरगी मांडीवरून हालली नाही, गालाले गाल लावून बसली. एरवी हात लावला का दूर पळते. डॉक्टरले सांगाले लाज वाटली म्हणून सांगतलंच नाही.

---

बालमेंदू

मीनलताई, तर्रीभाऊ, हे मनाचे खेळ नाहीत. लहान मुलांच्या मेंदूविकारांवर काम करतो, आमच्याकडे पालक हे सांगतात, बहुतेक जण दार उघडून निघता निघता सांगतात. पहिल्या पाच मिनिटांत सांगत जा.

याला फीव्हर इफेक्ट म्हणतात. २००७ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या संशोधकांनी ताप असलेली ३० स्वमग्न मुलं आणि ताप नसलेली तशीच मुलं यांची तुलना केली. तापात चिडचिड, अतिचंचलता, तेच ते हातवारे आणि असंबद्ध बोलणं कमी झाल्याचं पालकांनी नोंदवलं. ताप गेला की सगळं मूळ पदावर. पुढे २०१७ मध्ये दोन हजारांहून अधिक मुलांच्या माहितीत साधारण १७ टक्के पालकांनी तापात सुधारणा दिसते असं सांगितलं. म्हणजे सहातल्या एका घरात. सगळ्यांच्या नाही, पण तुम्ही एकट्याही नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. ताप "राहू द्यायचा" नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं तापाचं औषध नेहमीसारखं द्यायचं. अशा मुलांमध्ये फिट्सचं प्रमाण जास्त असतं, त्यात नागपूरचा उन्हाळा, अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं. सुधारणा बघायच्या मोहात मूल तापत ठेवू नका.

---

वऱ्हाडी_भाऊ

तुम्ही प्रतिकारशक्तीचं बोलून राहिले म्हणून लिहितो. माझ्या बहिणीचा मुलगा दीड वर्षापर्यंत चांगला होता. "बाबा", "माऊ" म्हणायचा. लस दिली, दोन दिवस ताप आला, त्यानंतर बोलणं बंद. आम्ही डोळ्यांनी बघितलं आहे. लस म्हणजे प्रतिकारशक्तीलाच धक्का ना? मग संबंध नाही कसं म्हणता?

---

शेवंती

भाऊ, तुमच्या बहिणीने जे पाहिलं ते खोटं नाही. मी १४ वर्षं स्पेशल एज्युकेटर आहे, शब्द आले आणि गेले असं सांगणारे पालक नेहमी भेटतात. काही मुलांमध्ये दीड ते दोन वर्षांच्या सुमारास आलेलं बोलणं खरंच जातं. आणि लसीही त्याच वयात असतात.

मी पालकांना जुने व्हिडिओ आणायला सांगते. एका आईने पहिल्या वाढदिवसाचा आणला होता. केक, फुगे, टाळ्या, सगळे नावाने हाका मारताहेत आणि बाळ एकदाही मान वळवत नाही, समईच्या ज्योतीकडे बघतंय. तिने तो व्हिडिओ कितीतरी वेळा पाहिला होता. माझ्या शेजारी बसून पाहिला तेव्हा तिला ते दिसलं. तिचा ज्या लसीवर संशय होता ती त्यानंतर चार महिन्यांनी होती.

---

बालमेंदू

शेवंतीताईंना पूर्ण अनुमोदन. लसीचा संशय १९९८ मधल्या एका शोधनिबंधाने जगभर पसरला. त्यात फक्त १२ मुलं होती. मुलांच्या नोंदींमध्ये फेरफार झाल्याचं पुढे उघड झालं. तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये तो मागे घेतला आणि त्याच वर्षी मुख्य लेखक अँड्र्यू वेकफील्डचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं. नंतर डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांचा अभ्यास झाला, २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत स्वमग्नतेचं प्रमाण वेगळं नव्हतं. मोठी भावंडं स्वमग्न असलेल्या मुलांतही नाही.

उलट रुबेला हा असा विषाणू आहे ज्याचा स्वमग्नतेशी संबंध खरोखर दिसला आहे. अमेरिकेत १९६४ च्या साथीनंतर स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी गर्भातच रुबेला झालेली २४३ मुलं तपासली. त्यांत १८ मुलांमध्ये स्वमग्नतेची पूर्ण किंवा अंशतः लक्षणं होती. त्या काळच्या मानाने हे प्रमाण फारच मोठं होतं. आणि हा रुबेला टाळायला आपल्याकडे काय आहे, तर लसच. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली ती आठवत असेल.

---

वऱ्हाडी_भाऊ

बहिणीकडे बारशाचा आणि वाढदिवसाचा व्हिडिओ आहे. बघतो. पण सगळ्या डॉक्टरांनी आम्हाला हाकलून लावलं होतं, असं बसून कोणी सांगितलं नाही. धन्यवाद.

---

मीनल_ना

रुबेलाचं वाचून पोटात गोळा आला. म्हणजे गरोदरपणी आलेल्या तापाने होतं हे खरं? सासूबाई बरोबर आहेत?

---

पेशीपुराण

मीनल, थांब जरा. मी मूळची नागपूरच्या महाल भागातली, आता पुण्यात प्रयोगशाळेत रोगप्रतिकारशास्त्रावर काम करते. सविस्तर लिहिते, जेवणं उरकून वाच.

प्रतिकारयंत्रणा नुसती जंतूंशी लढत नाही. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या तिच्याच नात्यातल्या पेशी असतात. बाळाचा मेंदू घडताना चेतापेशींमध्ये गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोड तयार होतात. त्यातले नको ते जोड खाऊन टाकायचं काम या पेशींकडे असतं. काटोलकडे आमच्या मामाची संत्र्याची बाग आहे. झाडाला पानसोट फुटतात, ते वेळेवर काढले नाहीत तर झाड नुसतं वाढतं, फळ धरत नाही. आणि अडाण्याने कात्री चालवली तर फळाच्या फांद्याही जातात. मायक्रोग्लियाचं काम त्या बागवानासारखं आहे. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी दिवंगत स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूंचे नमुने तपासले, तर त्यांत या पेशी चेतवलेल्या अवस्थेत दिसल्या. म्हणजे संबंध आहे. पण तो कारण म्हणून आहे की परिणाम म्हणून, हे नुसत्या नमुन्यावरून कळत नाही.

आता गर्भारपण. कॅलिफोर्नियात पॉल पॅटरसन यांच्या गटाने गाभण उंदरीणींना जंतू न टोचता फक्त विषाणूसारखा भासणारा पदार्थ टोचला. आईच्या शरीराने लढाई सुरू केली आणि पिल्लं मोठी झाल्यावर इतर उंदरांत मिसळेनात, तीच ती कृती करत राहिली. २००७ मध्ये त्यांनी दाखवलं की यात इंटरल्युकिन-६ नावाचा निरोप्या रेणू महत्त्वाचा आहे. आईत तो रोखला तर पिल्लं ठीक. २०१६ मध्ये ग्लोरिया चोई आणि जून हुह यांनी पुढचा दुवा दाखवला, इंटरल्युकिन-१७ए.

पण हे उंदीर. माणसांचं ऐक. स्टॉकहोममधल्या सुमारे साडेपाच लाख मुलांचा अभ्यास २०२२ मध्ये आला. गरोदरपणी संसर्गासाठी उपचार घ्यावे लागलेल्या आयांच्या मुलांत स्वमग्नता थोडी जास्त दिसली. मग त्यांनी एक हुशारी केली. गर्भधारणेच्या *आदल्या* वर्षी ज्यांना संसर्ग झाला त्या आया पाहिल्या. तिथेही तेवढीच वाढ. बाळ पोटात नसताना आलेल्या तापाने बाळाच्या मेंदूला काय होणार? आणि सख्ख्या भावंडांची तुलना केली तेव्हा तो संबंध टिकला नाही. म्हणजे त्या घराण्यातच काही सामाईक असावं असा अर्थ निघतो. पाच देशांतल्या वीस लाखांवर मुलांचा २०१९ चा अभ्यास सांगतो की स्वमग्नतेच्या शक्यतेत सुमारे ८० टक्के वाटा आनुवंशिकतेचा आहे.

रुबेलाची गोष्ट वेगळी, तो विषाणू स्वतः वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळाच्या पेशींत शिरतो. तुझ्या पाचव्या महिन्यातल्या तापाने तुझा मुलगा असा झाला असं जगातला कोणताही शास्त्रज्ञ सांगू शकत नाही. सासूबाईंना हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखव.

---

तर्री_पोहे

पानसोटाचं उदाहरण लयच भारी. एका झटक्यात समजलं बापा. आमच्या वावरात पण संत्रा आहे, आता कात्री घेतली का पोरीचा मेंदू आठवीन.

---

नवी_पाहुणी

मी सातव्या महिन्यात आहे, वाचून घाबरले. ताप आला तर पॅरासिटामॉल घ्यायचं की नाही? गरोदरपणात ही गोळी घेतली तर बाळ स्वमग्न होऊ शकतं अशी अमेरिकेच्या सरकारची घोषणा बातम्यांत आल्यापासून घरात गोळीची पट्टीच लपवून ठेवली आहे.

---

बालमेंदू

घाबरू नका. सप्टेंबर २०२५ मधल्या त्या घोषणेच्या आधीच, २०२४ मध्ये स्वीडनचा सुमारे २५ लाख मुलांचा अभ्यास आला होता. सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर पॅरासिटामॉल आणि स्वमग्नता यांचा संबंध दिसला नाही. गरोदरपणात जास्त ताप तसाच अंगावर काढणं बाळासाठी बरं नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारून, त्या सांगतील तेवढी गोळी घ्या. पट्टी डब्यातून बाहेर काढा.

---

गव्हाळ

सगळे शास्त्रीय बोलत आहेत, मी अनुभव सांगतो. दूध आणि गहू बंद केल्यावर आमचा मुलगा ५० टक्के शांत झाला. आतड्यातच सत्तर टक्के प्रतिकारशक्ती असते म्हणतात. डॉक्टर लोक हे मानत नाहीत.

---

शेवंती

आतड्याचं आणि प्रतिकारयंत्रणेचं नातं आहेच, ते कोणी नाकारत नाही. पण एक विचारते, बंद करण्याआधी त्याला शौचाला कधी व्हायची?

---

गव्हाळ

चार-पाच दिवसांनी. खडा. रडायचा, टाचा उचलून चालायचा.

---

शेवंती

बघा, मुलाला सांगता येत नाही की पोट दुखतंय. मग डोकं भिंतीवर आपटतं, हाताला चावतं. दुधाचा मारा कमी झाला, पोट साफ झालं, दुखणं गेलं, मूल शांत झालं. चांगलंच झालं. पण हे बद्धकोष्ठाच्या औषधानेही होतं, आणि सरसकट प्रत्येक स्वमग्न मुलाचं दूध-पोळी तोडली तर जी मुलं मुळात चारच पदार्थ खातात त्यांच्या ताटात उरतं काय? माझ्या वर्गात एक जण फक्त पोहे खातो, तेही तर्रीचा थेंब न लागलेले. तर्रीभाऊंनी मनावर घेऊ नये.

---

तर्री_पोहे

घेतलं मनावर. पोराले घरी पाठवा 😀

---

एक_बाप_नागपूर

स्टेम सेलबद्दल मला बोललंच पाहिजे. शहराचं, दवाखान्याचं नाव लिहीत नाही. आम्ही केलं. चार वर्षांपूर्वी. प्लॉट विकला. पाच वर्षांच्या पोराच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढली, प्रक्रिया करून पाठीच्या कण्यातून आत सोडली. आम्हालाही हेच सांगितलं होतं, "मेंदूतली सूज उतरेल, इम्युनिटी रीसेट होईल." सहा महिने आम्ही रोज सुधारणा शोधत होतो. त्याने एकदा चेंडू परत फेकला तर बायकोने नातेवाइकांना फोन केले. वर्षभराने ऑक्युपेशनल थेरपीच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की चेंडू तो आधीही फेकायचा. मीनलताई, पैसे गेले त्याचं एवढं नाही. भूल उतरताना तो माझ्याकडे बघून जसा ओरडला ते अजून कानात आहे.

---

बालमेंदू

दादा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

मीनलताई, आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताचे ठरावीक आजार वगैरे मान्य उपचार सोडले तर स्टेम सेलचा वापर म्हणजे संशोधन. आणि संशोधनात भाग घेणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत. तुम्हाला बिल देत असतील तर ते संशोधन नाही, आणि सिद्ध उपचार तर नाहीच. "इम्युनिटी मेंदूवर हल्ला करतेय" हे वाक्य तुमच्या मुलाची कोणती तपासणी करून काढलं, ते कागदावर मागा.

असे आजार असतात हेही सांगतो, म्हणजे गोंधळ नको. घशाच्या स्ट्रेप्टोकॉकस संसर्गानंतर तयार झालेले प्रतिपिंड (जंतूंशी लढणारी प्रथिनं, अँटिबॉडी) चुकून मेंदूच्या गाभ्यावर जातात आणि मुलाचे हातपाय नाचल्यासारखे हलतात, तो सिडनहॅम कोरिया. मेंदूपेशींवरच्या एनएमडीए रिसेप्टर नावाच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडांनी होणारा मेंदूदाह २००७ मध्ये ओळखला गेला. चांगलं बोलणारं मूल काही दिवसांत-आठवड्यांत बोलणं, झोप, भान हरवून बसलं, फिट्स आल्या, तर तातडीने मेंदूतज्ज्ञाकडे न्यायचं. त्यावर उपचार आहेत. पण ती वेगळी दुखणी आहेत.

---

शांत_खिडकी

मी २९ वर्षांचा आहे. स्वमग्न आहे. निदान २३ व्या वर्षी. धागा पूर्ण वाचला.

मला तापात काय होतं ते सांगतो. एरवी ट्यूबलाइटचा आवाज, फोडणीचा वास, बनियनचा टाका, सगळं एकाच वेळी अंगावर येतं. तापात हे सगळं लांब जातं. कापसातून आल्यासारखं. तेव्हा आईचा चेहरा बघणं जड जात नाही. घरचे म्हणायचे, तापात किती गोड वागतो. पण मी तोच होतो. फक्त गोंगाट कमी होता.

काही वेळा मी नुसता थकलेलोही असायचो आणि त्यालाच लोक सुधारणा म्हणायचे. मीनलताई, तुमच्या मुलाला "आई" माहीत आहे. ते तापाने दिलेलं नाही. "तापात आलेला खरा मुलगा" असं कृपया मनात आणू नका. पंख्याच्या बटणापाशी बसलेला पण तोच आहे.

---

मीनल_ना

शांत_खिडकी, तीनदा वाचलं. नवऱ्यालाही वाचायला दिलं. तो उठून गॅलरीत गेला.

---

पेशीपुराण

शांत_खिडकीने मांडलेला थकव्याचा मुद्दा संशोधकांनाही पडला होता. २००७ च्या त्या अभ्यासात तापात मरगळ वाढलेली होतीच. पण बदल नुसत्या आजारपणाने आले असं म्हणता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. मुलं ३०च होती हे लक्षात ठेवायचं.

आणि मीनलचा मूळ प्रश्न राहूनच गेला. ताप का मदत करतो? २०२० मध्ये चोई आणि हुह यांच्या गटाने नेचर या शास्त्रीय नियतकालिकात यावर काम प्रसिद्ध केलं. आईच्या पोटात असताना त्या प्रतिकारलढाईत वाढलेले उंदीर त्यांनी घेतले, मोठेपणी त्यांच्या शरीरात दाह निर्माण केला, तर ते इतर उंदरांत मिसळू लागले. हा बदल घडवणारा रेणू कोणता, तर तोच, इंटरल्युकिन-१७ए. गर्भात मेंदूच्या घडणीत अडथळा आणणारा रेणू मोठेपणी काही तास त्याच मेंदूतल्या एका भागाची जादा धडधड शांत करत होता. नुसतं तापमान वाढवून तो परिणाम मिळाला नाही. आणि स्वमग्नतेशी जोडलेल्या जनुकांत बिघाड केलेल्या दुसऱ्या उंदरांतही मिळाला नाही. माणसाच्या मुलात हेच होतं असं अजून कोणी दाखवलेलं नाही. पण स्वमग्नता एकच एक नाही, तिच्या वाटा वेगवेगळ्या आहेत, आणि म्हणून सहातल्या एकाच घरात हे दिसतं, असं मला वाटतं.

---

एक_बाप_नागपूर

अवांतर, पण कामाचं. एफडी मोडायच्या आधी निरामय योजनेचं बघा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची आहे, एक लाखापर्यंत विमा, स्वमग्नता त्यात आहे, थेरपीचा खर्चही बसतो. आधी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा. २०१६ च्या कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांत स्वमग्नता आहे. कागद लागतात, पण मिळतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फॉर्म भरायला येईन.

---

मीनल_ना

धागा वर काढतेय. पाच आठवडे झाले.

पॅकेजला नाही सांगितलं. बालमेंदूंनी सांगितल्याप्रमाणे तपासणीचा कागद मागितला, तर म्हणाले फाइल बनवताना देऊ. नवरा तिथूनच उठला. एफडी आहे तशी आहे.

आमच्या डॉक्टरांना तापाची गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत सांगितली. त्यांनी लिहून घेतली, हसल्या नाहीत. पोट तपासलं, गच्च होतं. आता औषध सुरू आहे, रात्रीचं रडणं कमी झालंय. मधून मधून तो टक लावून बसतो तेही सांगितलं, म्हणून ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी) करायचा आहे.

शांत_खिडकीचं वाचून स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट काढली, पिवळा बल्ब लावला. मिक्सर तो शाळेत गेल्यावर लावते. "आई" अजून परत आलेलं नाही. पण पाण्याच्या चित्राचं कार्ड शेवंतीताईंनी व्यनित सांगितलं तसं माठावर अडकवलंय. परवा त्याने माझं मनगट सोडलं आणि ते कार्ड काढून माझ्या हातात दिलं.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला, नेलं होतं. ढोल ताशा नव्हता अशा गल्लीत. त्याने लाकडी बैल उलटा केला आणि अर्धा तास चाक फिरवत बसला. बाकीच्या मुलांना बोजारा (खाऊ-पैसे) मिळाला, त्यालाही मिळाला. सासूबाईंनीच हात धरून पुढे नेलं. सकाळी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली तेव्हा त्या दारात उभं राहून "इडा पीडा घेऊन जा" म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या तापाचं मी बोलायला नको होतं."

आता एक व्यावहारिक अडचण. ईईजीच्या आदल्या रात्री त्याला उशिरापर्यंत जागं ठेवायला सांगितलंय आणि पहाटे लवकर उठवायचं आहे. कसं जमवता तुम्ही लोक?

---

तर्री_पोहे

मेट्रो! माह्या पोरीले सुभाषनगरहून सीताबर्डी, तिथं गाडी बदलून खापरी, अन् परत. दरवाजा उघडते-लागते ते पाहाले तिले एवढं आवडते का झोप येतच नाही. गर्दी नसते रात्री. कानाले हेडफोन लावून द्या, अनाउन्समेंटचा आवाज मोठा राहते.

---

शांत_खिडकी

पहिल्या डब्यातली पुढची खिडकी द्या. रुळ दिसतात. आणि केसांना आदल्या दिवशी तेल लावू नका, ईईजीच्या तारा चिकटत नाहीत. त्या जेलचा स्पर्श थंड असतो. घरी दोन-चार दिवस आधीपासून टाळूला थंड क्रीमचं बोट लावून सवय करा.

---

मीनल_ना

गुरुवारी आहे. उद्यापासून क्रीम सुरू करते. तर्रीभाऊ, बुधवारी रात्री तुमची पोरगी येते का मेट्रोत?

---

तर्री_पोहे

येते ना. नऊ वाजता सुभाषनगर स्टेशनच्या खाली. लाल बॅग पाठीवर असन तिच्या.